फोटोपुरते बूट

"पुस ते कुंकू," सुपरवायझर म्हणाला.

रुक्मिणकाकूंनी नव्या गमबुटांना हळदकुंकू लावलं होतं. घरात नवी वस्तू आली की लावतात, तसं. कुकरला लावतात, सायकलीला लावतात, बुटांना का नाही? हळद त्यांच्या घरची, कुंकू पिशवीतल्या डबीतलं. त्या सकाळी ठेकेदाराच्या टेम्पोतून बूट, रबरी हातमोजे आणि निळे एप्रन उतरले, तेव्हा आम्हा साफसफाईच्या बायकांना वाटलं, मिळाले एकदाचे. आम्ही ते घातले. सुपरवायझरने दवाखान्याच्या पाटीखाली आम्हाला रांगेत उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. खाली तारीख, वेळ, ठिकाण उमटतं तसला. मग त्याने रिकामं पोतं उघडलं.

"चला, काढा. झालं काम."

काकूंचे बूट बघून त्याला हसू फुटलं. "पूजा मांडली का काय? आणखी दुसऱ्या दवाखान्यात जायचंय ह्याच बुटावर फोटो काढायला. पुस म्हणलं ना."

काकू सवाष्ण बाई. त्यांचा नवरा वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलतो. आपल्या हाताने कुंकू पुसायचं म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि पुसलं. लाल डाग राहिला, तर सुपरवायझरने थुंकी लावून पुसायला लावलं.

मी विचारलं, "भाऊ, काढायचे काहून? फरशी तर आता पुसायचीय."

त्याने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. माझी वस्ती कोणती, आडनाव कोणतं, हे त्याला बराबर ठाऊक होतं.

"तुझ्या लोकाला बूट कवापासून लागायला लागले गं? तुमचे पाय जलमाचेच पक्के."

रजिस्ट्रेशनच्या खिडकीतला क्लार्क हसला. रांगेतले दोन-चार पेशंटही हसले. मी बूट काढले. स्लिपर घातली आणि पोछा उचलला.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माझ्यासोबतच्या बाया कामाला आहेत. माझं खेडं हट्ट्याच्या बाजूला. बारावी झाले, लग्न झालं, नवरा गवंड्याच्या हाताखाली, आणि मी सरकारी फरशीवर. सरकारी फरशी, पण सरकारी नोकरी नव्हे. सरकार सफाईचं काम ठेकेदाराला देतं, ठेकेदार सुपरवायझर ठेवतो आणि सुपरवायझर आम्हाला ठेवतो. पैसा लोकांचाच असतो. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो, शाळेत शिकले आहे मी. पण तो पैसा खाली येता येता बुटाचा नुसता फोटो होतो.

आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्ध आहे. हळदकुंकवावरून काकूंचं आणि माझं नेहमी वाजायचं. मी म्हणायचे, "काकू, खराट्यालाबी लावा एकदा." त्या म्हणायच्या, "लावीन बाई, तुझ्या बापाचं काय जातंय?" आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायच्या. पण त्या दिवशी त्यांनी थुंकीने कुंकू पुसलं तेव्हा मला कुणी माझ्या आईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानंतर मी ती थट्टा कधी केली नाही.

मग ती रीतच पडली. पाहणी आली की टेम्पो यायचा. बूट सगळे एका मापाचे, पुरुषांचे. आम्ही टाचेत चिंध्या कोंबून उभ्या राहायचो. फोटो झाला की बूट पोत्यात, पोतं टेम्पोत. आणि आम्ही पेशंटच्या उलट्या, बाळंतपणाचं सांडलेलं रक्त, सगळं स्लिपर घालूनच पुसायचो.

एकदा बाळंतपणाच्या खोलीत काकू पोछा मारत होत्या. मी बादली धरून मागे. एकदम त्या "आई गं" करून भिंतीला टेकल्या. स्लिपरच्या तळातून सुई आरपार पायात गेली होती. इंजेक्शनची वापरलेली सुई, डब्यात पडायची ती फरशीवर पडलेली. कुणाला टोचलेली, कुणास ठाऊक. मी ती ओढून काढली. रक्ताचा थेंब इवलासा होता, म्हणून काकू हसल्या आणि म्हणाल्या, "काटा तर हाय, काय होतंय?"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी पाय धुवून घेतला, इंजेक्शन दिलं, गोळ्या सुरू केल्या. भली बाई. त्यांनीच समजावलं की रक्त आता तपासायचं, पुन्हा काही महिन्यांनी तपासायचं, तोवर काही सांगता येत नाही. मग कागदावर नोंद करायची वेळ आली, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "ह्या आमच्या कर्मचारी नाहीत. एजन्सीला विचारा."

मी ठेकेदाराला फोन लावला.

"सुई माझी हाय का?" तो म्हणाला. "दवाखान्याची हाय. दवाखाना बघंल." फोन कट.

दवाखान्याने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने दवाखान्याकडे. मधे काकू, पाय वर धरून बाकड्यावर.

त्या दिवसापासून काकू घाबरल्या. मोठा आजार, एवढंच त्यांना कळलं होतं. सिस्टरने किती सांगितलं की जेवणातून, पाण्यातून काही होत नाही. ऐकेनात. नातवाला जवळ घेणं सोडलं. चहाला स्वतःचा कप आणला आणि खिडकीत, सगळ्यांच्या कपांपासून लांब ठेवला. कान तुटलेला कप.

तो कप मला बघवेना. माझ्या आईला दुसऱ्याच्या शेतावर असाच कप असायचा, कुडात खोचलेला. चहा झाला की आपणच विसळायचा, आपणच खोचायचा. काकूंच्याच लोकांनी ठेवलेला. हे मी काकूंना कधी बोलले नाही. त्या खिडकीशी उभं राहून मात्र मला कळलं की वेगळा कप कुणालाही धरवता येतो, फक्त बूट काढून घेतले की झालं. माझा संताप संताप झाला. मी तो कप उचलला, त्यातच चहा ओतला आणि प्यायले. काकू रडायला लागल्या. "काहून गं असं करून राहिली पोरी?"

पुढची पाहणी आली. जिल्ह्याहून साहेब आले, पांढरी गाडी आली, तिच्याआधी टेम्पो आला. आम्ही बूट घातले. फोटो झाला. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर चहा प्यायला बसले, आणि सुपरवायझरने कोपऱ्यात पोतं उघडलं.

"चला, काढा."

"मी न्हाई काढत."

"काय?"

"बूट न्हाई काढत मी."

"ठेकेदाराची वस्तू हाय ती!"

"फोटो कुणाला जातो? सरकारला. मंग सरकारला वाटतंय बूट आमच्या पायात हायत. ते पायातच ऱ्हातील."

मी तशीच व्हरांड्यात गेले. बूट मोठे, चालताना फटाक फटाक वाजत होते. साहेबांपुढे उभी राहिले. "साहेब, हे बूट आमाला फोटोपुरते देतात. आता काढून नेतील. काकूच्या पायात सुई गेली तवा पायात स्लिपर होती."

साहेबांनी कप खाली ठेवला. डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाहेर पाहिलं. साहेब म्हणाले, "हा तुमचा आणि एजन्सीचा अंतर्गत विषय आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. सुपरवायझर चिडून आला, खाली वाकला आणि माझा बूट दोन्ही हातांनी ओढायला लागला. मी कठडा धरला. पेशंट बघत होते, क्लार्क खिडकीतून बघत होता. आता कुणी हसत नव्हतं. माझ्या लोकांचे पाय जन्माचेच पक्के म्हणणारा माणूस माझ्या पायाशी बसून घाम गाळत होता. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने हात असे सोडले, जणू चटका बसला.

"उद्यापासून येऊ नको तू," तो उठत म्हणाला.

मागे बघितलं तर काकू उभ्या होत्या. त्यांनीही बूट काढले नव्हते. पोतं हातात घेऊन ते उलटं केलं त्यांनी, आणि उरलेल्या बायांना म्हणाल्या, "घाला गं."

दोघींनी घातले. बाकीच्यांनी नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, चुली त्यांच्याही आहेत.

मी दुसऱ्या दिवशी बूट घालून गेले. गेटवर अडवलं. तेव्हापासून घरी आहे. नवरा म्हणतो, झालं गेलं सोड. शेजारीण म्हणते, आ बैल मुझे मार केलंस. मन खचतं, खोटं कशाला बोलू. रात्री झोप लागत नाही. काकूंची पुढची तपासणी अजून बाकी आहे आणि त्या अजून कामावर आहेत, बुटासकट. त्यांच्या वाट्याला काय येईल, मला माहीत नाही.

पण मी सोडणार नाही. तालुक्याला जाईन, हिंगोलीला जाईन, प्रत्येक खुर्चीपुढे हेच बूट घालून उभी राहीन. ठेकेदार बदलेल, साहेब बदलतील, तरी विचारीन. फरशी सरकारची, सुई दवाखान्याची, बूट लोकांच्या पैशाचे. फक्त सुई गेली तो पाय कुणाचा नव्हता. तो पाय कुणाची जबाबदारी होती, हे मी त्यांच्या तोंडून वदवून घेणार आहे. तोवर हे बूट पायातून निघणार नाहीत.