अर्धा पाहिलेला पियानो

"आधी पोट उघडा."

वाद्यांच्या दुकानात शिरल्या शिरल्या पेटीवाले काका हे म्हणायचे. नमस्कार नंतर. दुकानदार निमूटपणे हार्मोनियमची वरची फळी काढायचा, काका आत नाक घालायचे आणि लाकूड जुनं आहे की नुसतं रंगवलंय, ते वासावरून सांगायचे.

गंगापूर रोडवर माझं औषधाचं दुकान आहे. तिथून दोन गल्ल्या मागे ते पेट्या दुरुस्त करत. गेल्या वर्षी मुलाने त्यांना इगतपुरीला नेलं, आणि तिथेच ते वारले. आमच्या भागात कुणी त्यांना बरोबर नेल्याशिवाय पेटी घेत नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याने मान हलवली की आपण पुढचा विचारच करत नाही. काकांनी 'घ्या' म्हटलेली पेटी घरी येऊन बिघडली, असं कधी झालं नव्हतं. एवढीच त्यांची मिळकत म्हणा ना.

माझ्या मुलीला पियानोची परीक्षा द्यायची होती. घरी छोटा कीबोर्ड होता. तिचे सर म्हणाले, त्यावर बोटांना ताकद येत नाही, सरावाला डिजिटल पियानो घ्या. मी तीन संध्याकाळी मोबाइलवर वाचत बसले. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, जड पट्ट्या, अर्ध्या जड पट्ट्या, एक पेडल, तीन पेडल. शेकडो गोळ्यांची नावं मला पाठ आहेत, पण इथे वाचावं तितका गोंधळ वाढत गेला. शेवटी काकांना म्हटलं, चला.

"ताई, मी पियानो कधी उघडला नाय."

"मी तर धड पाहिलाही नाही. चला."

दुकानात त्यांनी आपलं वाक्य टाकलं. विक्रीला उभी असलेली बाई म्हणाली, "काका, उघडला तर वॉरंटी जाईल. आणि आत काय बघणार, सर्किट आहे."

"भाता?"

"नाही."

"मग वारा कुठून येतो?"

"वारा नाहीच. प्लग लावायचा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग ते वाजवायला बसले. उजवा हात पट्ट्यांवर सुरेख फिरत होता. डावा मात्र पियानोच्या मागे, हवेत, पुढे-मागे, पुढे-मागे. भाता हाकत होता. त्या बाईने हसू दाबलं. काकांच्या लक्षात आलं, त्यांनी हात मांडीवर ठेवला. दोन ओळी वाजवून होईपर्यंत तो पुन्हा हवेत.

पहिला पियानो "पोकळ". दुसऱ्याची पट्टी "उशिरा वर येती". तिसऱ्यापाशी ते रेंगाळले. "हा बोटाला उत्तर देतो. घ्या." घेतला.

घरी मुलगी दोन्ही हातांनी वाजवायला बसली आणि डावीकडच्या जाड सुरांतली एक पट्टी दाबली की खट्ट वाजू लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी दुकानात डावीकडे बोटच लावलं नव्हतं. पेटी वाजवणाऱ्याचा तो हात भात्याचा. मी शेजारी उभी होते, मलाही सुचलं नाही.

दुकानाला फोन केला, मेकॅनिक आला, अर्ध्या तासात पट्टी नीट झाली. माझ्यापुरता विषय संपला. काकांना कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्यांनी रस्त्यात मुलीला विचारलं आणि तिने खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते काउंटरपाशी हजर. "ताई, तुम्ही बोलला नाय."

"बोलण्यासारखं काय होतं?"

"अर्धा पियानो पाहिला, नि शब्द पुऱ्याचा दिला."

त्यानंतर ते कुणाबरोबर जाईनात. वर कारणही स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्यावरच उखडल्या, "तुमच्या त्या पियानोनं आमची पेटी अडवून ठेवलीय!" मी काकांना जाऊन झापलं. पेटीचा आणि पियानोचा काय संबंध?

"शब्द एकच असतो ताई," ते म्हणाले. "पेटीचा येगळा नि पियानोचा येगळा, असं नसतंय."

हा हट्ट होता की खंत की नुसतं वय, मला कळेना. आणि असल्या गोष्टीवर माझ्या दुकानात काही मिळत नाही.

मुलीची परीक्षा झाली, ती पासही झाली. नंतरच्या एका रविवारी सकाळी काका दारात उभे. "पियानो मोकळा हाय का?"

स्टूल ओढून ते अगदी डाव्या टोकाला बसले. डावा हात पट्ट्यांवर ठेवला. एक पट्टी दाबली, आवाज विरेपर्यंत ऐकली, मग दुसरी. मुलगी मदतीला निघाली, तिला मी मागे ओढलं. चहा ठेवला, तो निवला. पियानोचा मध्य आला, तरी हात बदलला नाही. स्टूल सरकवत, त्याच हाताने, शेवटच्या बारीक सुरापर्यंत गेले. तासभर लागला असेल.

मग उठले आणि घसा साफ करून म्हणाले, "आता सांगतो. हा घ्या तुम्ही."

पियानो घेऊन चार महिने झाले होते. ही गंमत होती की काय, मला आजही सांगता येणार नाही.

"बरं," मी म्हटलं, "घेते."

त्यांनी मान हलवली, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि भजनी मंडळाची पेटी बघायला निघाले.