बर्फाच्या भिंतीमागचा पंखा

आमच्या घराच्या मागे रायवळ आंब्याचं एकच झाड आहे. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी त्याचा रस काढून पिशव्या भरल्या आणि फ्रीजरमध्ये तळाशी रचून ठेवल्या. दिवाळीच्या आसपास नणंद डोहाळजेवणाला माहेरी यायची होती, आणि फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "आई, मला आमरस पायजे."

ती यायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, हितं ये लवकर. पिशव्या मऊ पडल्यात!"

मी हात घालून पाहिलं. रस पार वितळला नव्हता, पण बोट दाबलं की आत जात होतं. खालच्या कप्प्यातलं दूध तर साध्या पाण्यासारखं कोमट.

"गेला फ्रीज," नवरा म्हणाला. "मेकॅनिकला फोन लावतो."

मेकॅनिकने मंगळवारचा वायदा केला. "तवर रस नासंल की," सासूबाई म्हणाल्या. माझ्या मात्र अंगात काहीतरी सळसळलं. मी उरवड्याच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींची तपासणी करते. दिवसभर हातात मीटर असतो. कुठली तार तुटली, कुठली जळली ते शोधायचं. पण घरातली एकही वस्तू मी कधी उघडली नव्हती.

"आधी रस हलवू," मी म्हणाले. आमच्या मागच्या खोल्यांत भाडेकरू राहतात. त्यातल्या एका बिहारी ताईंचा छोटा फ्रीज आहे. सासूबाई पिशव्या घेऊन गेल्या, तर ताईंनी स्वतःच्या बर्फाच्या वाट्या काढून जागा केली. "रखिए ना अम्माजी, आपका ही घर है."

आता मी मोकळी. आतला दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती. दाराच्या रबरात वर्तमानपत्राचा कागद धरून दार लावलं आणि ओढला, कागद घट्ट. म्हणजे दारातून हवा जात नव्हती. मागे हात लावला तर कॉम्प्रेसर गरम, आणि त्याची घरघरही चालू.

"यंत्र चालतंय, मग गार का हुईना?" सासूबाईंनी विचारलं. त्या आता पदर खोचून माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या.

"गारवा तयार होत असेल, पण तो पसरवायला आत पंखा असतो. दार उघडलं की तो थांबतो, म्हणून हे बटण. ते दाबलं की फ्रीजला दार लागल्यासारखं वाटतं." मी दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरलं. दोघींनी कान लावले.

"काय बी ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"तेच तर!" मी जवळजवळ ओरडलेच.

प्लग काढला, फ्रीजरच्या आतले स्क्रू सोडवले आणि मागची पांढरी पाटी ओढली. ती सुटेना. दोघींनी मिळून हलवली तेव्हा कडकड आवाज करत बाहेर आली, आणि मागे दिसली बर्फाची जाडच्या जाड भिंत. नळ्या, पत्रे, सगळं तिच्यात गाडलेलं. पंख्याची पातीसुद्धा बर्फात रुतून बसली होती.

"अगं बाई! आत हिमालय झालाय की!" सासूबाई उलथनं घेऊन सरसावल्या. मी त्यांचा हात धरला. "नको, आई. नळीला भोक पडलं तर गॅस जाईल, मग फ्रीज कामातून जाईल."

मग गरम पाण्याची पातेली आत ठेवायची, खाली जुनी लुगडी अंथरायची, पिळायची, परत ठेवायची. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात तळं झालं होतं. पंखा बोटाने फिरला तेव्हा नवरा म्हणाला, "झालं की मग! जोडून टाक."

पण मला ते पटेना. इतका बर्फ साचलाच कसा? तो वेळोवेळी वितळवायला नळ्यांखाली हीटर असतो. मी तिथलं पाणी पुसून कोरडं केलं आणि कामाच्या पिशवीतला मीटर काढून लावला. हीटरवर नीट आकडा आला, म्हणजे तो शाबूत होता. मग त्याच्या वाटेतल्या बोटाएवढ्या फ्यूजला टोकं लावली. आकडा नाही, आवाज नाही. जागा बदलून पुन्हा लावली. काही नाही.

"सापडलं! फ्यूज उडालाय, म्हणून हीटर तापतच नव्हता!" मी उडीच मारली. ओल्या फरशीवर पाय सरकला, सासूबाईंनी दंडाला धरून सावरलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

नवरा जुना फ्यूज खिशात घालून पिरंगुटला गेला. तो येईपर्यंत मला बसवेना. दारापर्यंत जायचे, परत यायचे. त्याने तसाच नवा आणला. जोडला, पाटी बसवली, प्लग लावला. बटण दाबलं आणि आतून भुर्रर्र आवाज आला. संध्याकाळी ओलं बोट आतल्या पत्र्याला क्षणभर चिकटलं.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. रस वाढायच्या आधीच सासूबाईंनी तिला फ्रीजरपुढे उभं केलं. "ह्या पाटीच्या मागं पंखा असतोय, ठावं हाय का तुला?"

"आई, मला भूक लागलीया," ती कळवळून म्हणाली.

"खाशील गं. आदी ऐक," सासूबाई म्हणाल्या, आणि मला बोलूच न देता त्यांनी सगळी हकीकत अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.