नंदादीप आणि उभा पंखा

पूर्वी माणूस देवळात जायचा तो देवाला तोंड दाखवायला. आता जातो आणि देवाकडे पाठ करून उभा राहतो, का, तर सेल्फीत दोघंही मावायला हवेत. देवाचं अर्धं डोकं कापलं जातं, ह्याचे दात मात्र सगळे येतात. मी सोलापूरचा, तोंडाने फटकळ. असलं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही.

यंदा नवरात्रात आमच्या बोळातल्या देवीच्या देवळात एक सेलिब्रिटी आली. सेलिब्रिटी म्हणजे काय, तर इथल्याच कुंभारी गावची एक बाई. आधी ती रीलमध्ये नवऱ्याला लाटणं दाखवायची. ते चालेना, तेव्हा तिनं मोठं कुंकू लावलं, पिवळी साडी नेसली आणि 'देवीची लेक' झाली. देवीला विचारलं होतं की नाही कुणास ठाऊक. लाखो लोक तिला माताजी म्हणतात. त्यातल्या निम्म्यांनी घरच्या आईला कधी पाणी विचारलं नसेल, हे मी लिहून देतो.

ती येणार म्हटल्यावर आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचं उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं झालं. 'मोबाईल वापरू नये' ही देवळातली पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने उलटी करून ठेवली.

त्या देवळात नवरात्रभर नंदादीप तेवत ठेवायचा मान माझ्या आत्याचा. तेल-वात तीच बघते, वारा लागू नये म्हणून दिव्याभोवती काच ठेवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. यंदा तर तिची नात बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. दिवा विझला तर पोरीचं काहीतरी विपरीत होणार, हे आत्याच्या डोक्यात पक्कं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आत्याचा आहे, आणि झोप तिची उडते, माझी नाही.

संध्याकाळी आरती सुरू झाली. रीलमध्ये माताजींचा चेहरा अंधारात आला म्हणून मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या खेपेला अध्यक्ष पुढे आले.

"आत्या, ती काच तेवढी काढा की. लाईट चमकालाय त्यात."

"वारं लागंल की रं," आत्या कुरकुरली.

"कुटलं वारं? समदी दारं लावलीत."

दारी आलेल्या पाहुणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून आत्यानं काच काढली. तिसऱ्या खेपेला माताजींना केस उडायला हवे होते. अध्यक्षांनी घरून उभा पंखा आणवला आणि लावला. केस उडाले. दिवा विझला.

आरती थांबली नाही. आत्या तेवढी काडेपेटी शोधायला लागली. तिनं दिवा पुन्हा लावला, देवीपुढे नाक घासलं, पण घरी आल्यावर फराळाला शिवली नाही. "मीच काच काढली," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, "देवी काय आंधळी आहे का? पंखा कुणी लावला ते तिनं पाहिलंय." त्याचा काही उपयोग झाला नाही. मग मी अध्यक्षांना फोन करून चार शिव्या हासडल्या. ते म्हणाले, "अवो, व्ह्यूज बघा की किती यायलेत!" असल्या माणसावर शिवीसुद्धा वाया जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीनं फोन आत्यापुढे धरला. रील आली होती. माताजींचे केस उडतायत, पदर उडतोय, मागचं तोरण उडतंय, आणि शेजारी नंदादीपाची ज्योत ताठ उभी! कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेली. दुधखुळ्यालाही कळलं असतं. खाली भक्तांचा 'चमत्कार, चमत्कार' म्हणून नुसता पूर. मला इतका संताप आला की मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात नातीनं मला डोळ्यांनी दटावलं.

"बघ, इझलाच न्हवता," आत्या म्हणाली. "म्हातारीला मलाच दिसलं न्हाय. मी उगंच काडी लावली की."

तिचा चेहरा असा निवळला होता की मला बघवेना. तिनं आपण होऊन भगर मागितली. ताट आलं तेव्हा तिनं फोन देव्हाऱ्यात देवीच्या टाकाला टेकवून उभा केला आणि हात जोडले.

"तू बी जोड की."

मी जोडले. समोर त्या बाईचे केस उडत होते.