दुसरं बोलावणं

...तर वांग्याच्या भाजीला मस्त तर्री आली, रोडगे निखाऱ्यातून निघून तुपात बुडाले, पानं मांडली, आणि जेवायला माणूस नाही! कालची गोष्ट इथंच अडली होती.

देवरावांच्या नव्या घराचं जेवण होतं. गाव दर्यापूरजवळचं. आता तिथली रीत अशी, की सकाळी आवतन द्यायचं आणि पानं मांडली की पुन्हा घरोघर बोलावणं करायचं. हे दुसरं बोलावणं आल्याशिवाय माणूस भुकेनं कळवळेल, पण उंबरा ओलांडणार नाही.

देवरावांची पोरगी दीपमाला अकोल्यात सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नोकरीला. पाचवीत असताना तिनं बापाचा रेडिओ उघडून पुन्हा जोडला होता. रेडिओ वाजला, पण एक स्क्रू उरला. तो अजून तिच्या पर्समध्ये आहे! तिनं आई दुर्गाबाईंच्या आवाजात दोन्ही बोलावणी फोनवर करणारा प्रोग्राम लिहिला होता. गावातल्या लग्नांत तो झकास चालला. मग जुना लॅपटॉप बसला, नवा आला, त्यात प्रोग्राम लिहायच्या भाषेचं, पायथनचं, नवं व्हर्जन. जिथं जिथं लाल अक्षरात चूक दिसली, तिथं तिनं दुरुस्ती केली.

"प्रीतमले घरोघर पाठवतो," देवराव म्हणाले होते.

"दादाले कायले फिरवता, बाबा? मी हावो ना!"

आणि आता मांडव रिकामा. देवराव रागवायचं सोडून नुसता खांद्यावरचा दुपट्टा झटकत होते. तेच तिला जास्त लागलं. गाव म्हणेल, देवरावानं घर बांधलं अन् माणसं विसरला.

शेजारचे खुशालराव इस्त्रीचं धोतर नेसून आपल्या ओट्यावर बसलेले. वास येत होता, नाक हलत होतं, माणूस हलत नव्हता. दीपमाला भिंतीवरून वाकली.

"काका, फोन नाही आला?"

"सकाळी आला ना, आवतनाचा. बोलावणं कुठी आलं?"

तिच्या डोक्यात चमकलं. पहिल्यांदा नावं मिळाली, दुसऱ्यांदा नाही! ती धावत लॅपटॉपपाशी गेली. नावं पुरवणारं मॅप नावाचं फंक्शन जुन्या व्हर्जनमध्ये सगळी नावं एकदम टोपलीत भरून द्यायचं, कितीदाही वाचा. नव्यात ते एकेक नाव हातावर ठेवतं, आणि शेवटचं दिलं की हात रिकामे. सकाळच्या आवतनातच नावं सरली होती. संध्याकाळी प्रोग्रामनं कोणालाच फोन केला नाही आणि वर 'काम पूर्ण' असं लिहून मोकळा! चूकच दाखवली नाही, तर कळणार कसं?

तिनं नावं आधी यादीत भरून ठेवायला सांगितलं आणि प्रोग्राममधलं दुसरं बोलावणं तेवढं पुन्हा लावलं.

पहिला फोन खुशालरावांचा वाजला. मग समोरच्या घरातला, मग पारावरचा, मग सगळी गल्लीच वाजायला लागली. दुर्गाबाई चुलीपाशी उभ्या, आणि त्यांचाच आवाज घराघरातून: "जेवन तयार हाये, चला बापा लवकर!" धडाधड दारं उघडली. सगळे तयारच बसले होते. देवरावांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तूप वाढायला स्वतः पुढे झाले.

चौथा रोडगा फोडता फोडता खुशालरावांनी टोमणा मारलाच, "काहून वो दीपमाला, पुढच्या बारीले वाट कोनाची पाहाची? तुयी का तुया मशीनची?"

"मशीनचीच पाहा, काका. पन पोटात कावळे ओरडून राहिले तं भिंतीवरून वाकून मलेच बोलावनं धाडजा."