वेलीपाशी शारदा

श्रीशारदेला वंदन करून लिहितो. वसंतपंचमीच्या सकाळी गावच्या शाळेत तिची पूजा सांगावयास गेलो होतो. पूजेला पिवळे फूल हवे, म्हणून कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलीकडे हात नेला, तोच पाचवीतली एक मुलगी धावत आली.

"आजोबा, ते नका ना तोडू! खाली बघा, इवलासा भोपळा आहे. आमच्या जेवणात त्याची भाजी होणार आहे."

खरेच, पाकळ्यांखाली बोराएवढी गाठ होती. "बरं, मग ही बिनगाठीची फुलं सगळी घेतो," मी म्हणालो.

"वा! मग मधमाशी पराग कुठून आणणार? पराग नाही तर भोपळा नाही. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

वर्गाच्या बाई तिला रागावू लागल्या. मीच त्यांना थांबवले. आयुष्यभर देवाला फुले वाहिली, ती ताजी आणि निर्मळ असावीत एवढेच पाहिले. फुलामागे माशी, माशीमागे फळ आणि फळामागे कुणाची तरी भूक असते, हे या बाईंनी मुलांना वेलीशेजारी बसवून शिकवले होते. एका वस्तूला हात लावताना तिचा सारा गोतावळा मनात यावा, ही विद्या मला वेदसंहितेच्या पाठांतराइतकीच पवित्र वाटली.

"मग पूजा कशी करायची गं?" मी विचारले.

"देवीलाच इथं आणू की!"

तसबीर वेलीखाली मांडली. एकही फूल न तोडता मी मंत्र म्हटले.

वाचकहो, तुमच्या घरी अशी हटकणारी लेकरे नांदोत, आणि त्यांचे ऐकण्याची बुद्धी शारदा तुम्हांस देवो.