हाथ खाली करो

इंदिरा नगरातल्या आमच्या आकाश मंडळाची नवी दुर्बीण इतकी जड होती, की ती गच्चीवर चढवताना अख्खं लखनौ एका बाजूला कललं असेल. तिचा आरसा आमच्या निवृत्त सरांनी दोन वर्षं हातानं घासून घडवला होता. आम्ही चौघांनी नळी उचलली. समोरच्या बँकवाल्या भाईसाहेबांचे हात फार वर होते, म्हणून मी माझ्या अस्सल सातारी हिंदीत गरजलो, "भाईसाहब, हाथ खाली करो!"

मला म्हणायचं होतं, हात खाली घ्या. हिंदीत त्याचा अर्थ झाला, हात रिकामे करा. त्या सज्जन माणसानं ते केले. नळी आदळली, आतला आरसा तडकला आणि सर मटकन खाली बसले.

"छोड़ क्यों दिया, यार?" सगळे भाईसाहेबांवर तुटून पडले.

"इन्होंने ही तो कहा!"

"मैंने? मैंने तो नीचे कहा था!"

त्या गडबडीत माझे नेमके शब्द कुणाच्या लक्षात राहिले नव्हते; माझ्या एकाही थापेवर कधी विश्वास न ठेवणाऱ्या मंडळींनी ही मात्र खरी मानली. सर मात्र नागपूरचे, मराठी-हिंदी दोन्ही जाणणारे; त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. भाईसाहेब माफी मागत जिना उतरले, ते पुन्हा मंडळात आले नाहीत.