धनलालचं उतरलेलं वजन

उशीर झाला, माफ करा. धनलालला जाऊन परवा वर्ष झालं आणि मी आज लिहीत आहे.

तीनदा लिहून खोडलं. खरं लिहायचं तर आधी हेच येतं:

सुटलेली बिडी त्याच्या हातात मी परत दिली.

आम्ही कोहमाऱ्याकडच्या राईस मिलमध्ये होतो. मी काट्यावर धानाची पोती मोजायचो, तो हमाल. डॉक्टरांनी भीती घातली आणि त्याने एका दिवसात बिडी सोडली. मी नाही सोडली.

मग त्याला भूक सुटली. शर्टाची बटणं लागेनात. मी त्याला पोत्यांच्या काट्यावर उभा केला.

"सत्त्याण्णव. रिकाम्या पोत्याचा बारदाना वजा करू का?"

सगळे हसले. तोही.

मोटापा किती वाईट ते मी पेपरात वाचलं होतं. सातवी शिकलेला माणूस मी. अर्धं वाचलं आणि पूर्ण सांगितलं.

"पोटानं मरशील बे. त्यापेक्षा बिडी बरी. माह्याकडं पाह्य, आहे का कुठं चरबी?"

मिलचा ड्रायव्हर श्यामराव बाजूलाच होता. त्यानेही बिडी सोडली होती, त्याचंही पोट सुटलं होतं.

धनलालने हात पुढे केला. मी बंडलातून एक काढून दिली. एक श्यामरावलाही.

नंतर दर सोमवारी धनलाल काट्यावर. वजन उतरत गेलं. नव्वद झालं तेव्हा मी जिलेबी आणली. त्याने एक तुकडा मोडून ठेवून दिला.

"मन नाही होऊन राहिलं."

मला वाटलं, परहेज करतो आहे. खोकला होता, पण बिडीवाल्याला खोकला असतोच, असं आम्ही धरून चाललो.

गोंदियाला एक्स-रे निघाला, छातीत गाठ दिसली. वजन कधीपासून उतरतंय, डॉक्टरांनी विचारलं. धनलालच्या बायकोने, वहिनींनी, माझ्याकडे पाहिलं. मला सगळे सोमवार पाठ होते. मी सांगितले.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरला.

"बाबा, जास्त वजन वाईटच. पण बिडी त्याचं औषध नाही. हे वजन यांनी उतरवलं नाही, रोगानं नेलं."

शेवटच्या आठवड्यात धनलाल मला म्हणाला, "तुहा काटा बरोबरच सांगून राहिला होता. आपल्यालेच नाही समजलं."

रागावला असता तर बरं झालं असतं.

तेरवीपासून मी बिडीला हात लावला नाही. पोट येऊन राहिलं आहे. सकाळी हायवेच्या कडेने चालून येतो, पण जीव थाऱ्यावर नाही.

कारण श्यामराव. धनलालचा एक्स-रे निघायच्या आधीच तो मुलीकडे राजनांदगावला गेला. दिवाळीत त्याचा फोन आला, आवाज एकदम खूश.

"तुहा उपाय लागला बे. पँट ढिली झाली."

मी म्हटलं, आजच्या आज एक्स-रे काढ. तो हसला. म्हणाला, कायले घाबरतेस?

पंधरा दिवसांपासून त्याचा फोन स्विच ऑफ आहे.

धनलाल, गड्या, तुला शेवटचा रामराम. माफी मागायला तोंड नाही.

राजनांदगावकडचं कोणी हे वाचत असेल तर श्यामरावला सांगा, पोट असू दे, बिडी फेक आणि एक्स-रे काढ.

आणि काय निघालं ते मला लवकर कळवा. काहीही निघालं तरी कळवा.